पासिंग झालेली मोटारसायकल घाट उतरू शकते का?



आपल्यापैकी काही कुटुंबांनी आपल्या वापरलेल्या मोटारसायकली पाड्यांवरच्या कामासाठी दिल्या आहेत. त्यांच्या जोरावरच आमचे कार्यकर्ते सातपुड्यातल्या दूरच्या पाड्यांपर्यंत औषधे आणि शाळेचे साहित्य पोहोचवतात. गाडी देताना बहुतेक जण आवर्जून सांगतात, "पासिंग करून घेतलंय, आता पाच वर्षं बघायला नको." मीही 2023 पर्यंत असेच समजत होतो. म्हणून पासिंग म्हणजे नेमके काय आणि त्यावर किती विसंबावे, हे या वेळी जरा सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर नमुना 25 भरून, फी आणि पर्यावरण कर भरून, गाडी परिवहन कार्यालयात दाखवावी लागते. निरीक्षकाला ती रस्त्यावर चालण्याजोगी वाटली की नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढते. मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत अर्ज करता येतो. 1 एप्रिल 2022 ला मोटारसायकलची ही फी 300 रुपयांवरून 1000 रुपये झाली. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणणे बेकायदेशीर आहे, त्यामुळे हे करायलाच हवे. त्याबद्दल दुमत नाही.

आमच्याकडे 2008 सालची एक 100 सीसीची गाडी आहे. मे 2023 मध्ये मी स्वतः ती पासिंगला नेली. निरीक्षकांनी चासी नंबर आरसीशी ताडून पाहिला, हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, हॉर्न, आरसे, नंबरप्लेट बघितली, टायरवर नजर टाकली, आवारात गाडी थोडी चालवून ब्रेक दाबून पाहिला. रांगेत माझ्यामागे वीसएक गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या कामात मला काही खोट दिसली नाही. पण चाक कोणी उघडले नाही, आणि तशा तपासणीत ते उघडत नाहीतच.

पीयूसीचा कागदही आमच्याजवळ होता. पुष्कळ लोक त्यालाच गाडीच्या तब्येतीचा दाखला समजतात. ती तपासणी सायलेन्सरमध्ये नळी घालून फक्त धूर मोजते. ब्रेकशी तिचा काही संबंध नाही.

आता माझी चूक सांगतो. पासिंगच्या आदल्या दिवशी मी गॅरेजवाल्याला म्हणालो होतो, "पासिंगपुरतं करून दे." त्याने दिवे नीट केले, चेन ताणली, आणि मागच्या ब्रेकच्या दांड्यावरचा नट आवळून दिला. पेडल एकदम घट्ट लागू लागले. मी खूश.

जुलैमध्ये आमचा एक तरुण कार्यकर्ता तापाने फणफणलेल्या मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन घाट उतरत होता. एका गाडीवर तिघे, हे नियमात बसत नाही हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी पाड्यावर दुसरे वाहन नव्हते. अर्ध्या घाटात मागच्या ब्रेकचे पेडल सरळ खाली गेले. त्याने गिअर पाडत पाडत गाडी डोंगराच्या बाजूच्या चारीत घातली. आईचा गुडघा फुटला. मुलाला मागून आलेल्या जीपने आरोग्य केंद्रात पोहोचवले आणि तो बरा झाला. दुसऱ्या बाजूला दरी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण गाडी "ओके" असल्याचे त्या पोराला मीच सांगितले होते.

नंतर चाक उघडले तेव्हा उलगडा झाला. जुन्या गाड्यांना बहुधा ड्रम ब्रेक असतो. ड्रमच्या आत दोन ब्रेकशू असतात आणि त्यांवर लायनर. पेडल दाबले की एक कॅम फिरतो आणि शू फाकवून ड्रमवर घासतो. लायनर झिजत गेला की पेडल ढिले होते, मग आपण बाहेरचा नट आवळतो. पेडल पुन्हा घट्ट लागते, पण लायनर काही परत जाड होत नाही. कॅमला मात्र दर वेळी जास्त फिरावे लागते. शेवटी तो इतका फिरतो की शू फाकवायचे बळच त्याच्यात उरत नाही. आमचा नट शेवटच्या आट्यांवर आला होता. म्हणजे ज्या घट्ट पेडलमुळे गाडी पास झाली, तेच पेडल लायनर संपल्याचे लपवत होते.

बघायचे कुठे, हे माहीत असते तर मला अर्ध्या मिनिटात कळले असते. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या ब्रेकच्या बाहेरच्या दांडीपाशी एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो ड्रमच्या झाकणावरच्या खुणेशी आला, की शू बदलायचे. नट कितीही शिल्लक असला तरी.

आणखी एक गोष्ट सपाट आवारात कळूच शकत नाही. वेग दुप्पट झाला की थांबवण्यासाठी ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. त्यात मागे माणूस, सामान आणि सतत उतार. ड्रम तापतो आणि तापलेल्या लायनरची पकड कमी होते. नाल्यातून गाडी काढली की ड्रम ओला होतो आणि थोडा वेळ ब्रेक लागतच नाही. म्हणून घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरायचे, आणि पाण्यातून निघाल्यावर ब्रेक हलका दाबून धरत थोडे अंतर चालवायचे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आमच्याकडे बरेच आहेत. त्यांच्याशी मी आता सरळ भांडतो.

धर्मशास्त्राच्या वर्गात अनुवादाचा बाविसावा अध्याय शिकताना, नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा मला तेव्हा फार किरकोळ वाटली होती. कोणी पडले तर दोष घरमालकाचा, असा तिचा अर्थ आहे. आता किरकोळ वाटत नाही.

त्या जुलैपासून प्रत्येक गाडीची एक वही आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी गाडी मेन स्टँडवर उभी करतो. पुढचे चाक उचलून शॉकअप धरून पुढे-मागे हलवतो. खटखट लागली तर हँडलचे बॉलरेसर गेले. मागचे चाक आडवे हलवून बुश बघतो. चाकाच्या तारांवर पान्याने हलके वाजवतो, ढिल्या तारेचा आवाज बद्द येतो. ब्रेकच्या दांड्याची पिन जागेवर आहे का, हेही. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो: 2218 म्हणजे 2018 सालचा बाविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होते, बाजूला बारीक भेगा पडतात. हे सगळे मिळून वीस मिनिटांचे काम आहे. शूची जोडी काही शे रुपयांत येते.

पासिंगचा कागद त्या दिवसापुरता खरा असतो. आमची गाडी वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालते. कागद पाच वर्षांचा असला, तरी तेवढ्या वेळात लायनर किती वेळा संपतील याचा हिशेब आपणच करा.

गाडी देणाऱ्यांना एक विनंती. पासिंगसाठी काय काय दुरुस्त केले आणि काय "नंतर बघू" म्हणून राहिले, ते एका चिठ्ठीवर लिहून आरसीबरोबर द्या. आरशाला तडा आहे की सीट फाटली आहे, याने आम्हाला फरक पडत नाही. शू कधी बदलले ते मात्र हवे.

2008 ची ती गाडी अजून चालते. नोंदणी 2028 पर्यंत आहे, आणि वहीत या महिन्याची नोंद आहे: मागचा टायर 2218, बदलणे, घाटावर पाठवू नये.