दोन दिवसांची मुंबई : घरची गाडी की एसटी-रेल्वे?

शनिवार-रविवारी मुंबईला जायचे ठरले की घरात पहिला वाद गाडीवरून होतो. पेट्रोल किती, टोल किती, एसटीचे भाडे किती, माणसे किती, असा हिशेब मांडला जातो. पाच जण असतील तर गाडी परवडते, दोघेच असतील तर एसटी. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर मोटारींना टोल माफ झाला, तेव्हापासून तर गाडीचे पारडे आणखी जड झाले आहे. हा हिशेब चुकीचा नाही. पण त्यात प्रकृतीचा रकाना नसतो. निघताना सगळेच ताजेतवाने असल्यामुळे तो कोणाला सुचतही नाही.

साताऱ्याहून मुंबई सुमारे अडीचशे किलोमीटर. जाताना विशेष काही वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी मुंबईकर घाटाकडे येत असतात आणि आपण उलट्या दिशेने जात असतो, एवढा एक फायदा आपल्याला मिळतो. (जोडून सुट्ट्या आल्या की तोही मिळत नाही.) खरा प्रश्न परतीचा आहे. रविवारी पहाटे पाचला उठायचे, सिद्धिविनायक, राणीची बाग, नातेवाइकांकडे जेवण, दुपारी खरेदी, संध्याकाळी चौपाटी, आणि रात्री आठला गाडी सुरू करायची. घरी पोहोचायला एक वाजतो. मागच्या आसनावर मुले झोपलेली, शेजारी सौ. पेंगत असलेल्या. जागा फक्त एकच माणूस, आणि तो २० तास जागा असतो.

या जागरणाचा परिणाम मोजलेला आहे. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे हात आणि डोळे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकेच मंद चालतात. आपल्याकडे वाहनचालकाला कायद्याने दिलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे आयुष्यात कधी दारूला न शिवलेला गृहस्थ रविवारी रात्री दहानंतर, निव्वळ जागरणामुळे, त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. फरक इतकाच की त्याला कोणी अडवत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली किती डुलकीने गेली याचा नेमका आकडा निघणे कठीण, कारण झोपेचा वास येत नाही.

पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपोआप झोपेकडे झुकते. दुपारी भरपेट जेवून निघणे आणि ‘रात्री रस्ता मोकळा असतो’ म्हणून दोनला निघणे, हे दोन्ही बेत त्यामुळे वाईट. त्यातून पहाटे निघाल्यास कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे जाणारा उतार अंधारातच लागतो. अवजड वाहनांच्या अपघातांमुळे तो किती बदनाम आहे, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. काच खाली करणे, गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी पाच-दहा मिनिटे बरे वाटते, झोप जात नाही. डोळे जड झाले, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गाडी पट्टा सोडू लागली, की हॉटेलच्या आवारात उभी करून २० मिनिटे झोपावे. चहा घ्यायचा असेल तर झोपण्याआधी घ्यावा. जाग येईपर्यंत तो अंगात भिनतो.

सर्दीची गोळी किंवा गाडी लागू नये म्हणून घेतलेली गोळी यांचाही विचार हवा. यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. मागे बसणाऱ्याने घेतली तर हरकत नाही, चालवणाऱ्याने घेऊ नये. इन्सुलिन किंवा साखर फार खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी आणि जेवणाची वेळ चुकवू नये. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसताच गाडी बाजूला घेऊन साखर खावी. बरे वाटले तरी पाऊण तास स्टिअरिंगला हात लावू नये.

एसटीतली जागा

आता एसटी. साताऱ्याहून थेट गाड्या आहेत, पुण्याहून पुढे शिवनेरी आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून आजी-आजोबांचा प्रवास वाढला आहे. ही आनंदाचीच गोष्ट. पण आजीला शेवटच्या बाकावर बसवू नका. मागच्या चाकांच्याही पाठीमागे असलेल्या त्या बाकावर गतिरोधकाचा गचका सर्वांत जास्त बसतो, माणूस वर उडून खाली आदळतो. हाडे ठिसूळ झालेल्या बाईचा मणका अशा एका गचक्याने दबतो. ‘बसमध्ये जरा उसळले, तेव्हापासून कंबर दुखते’ असे सांगत येणाऱ्या वृद्ध बायकांचे क्ष-किरण चित्र काढले, की दबलेला मणका दिसणे हाडांच्या डॉक्टरांना नवे नाही. बाम चोळून हे बरे होत नाही. आरक्षण करताना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा मागावी. ज्यांना गाडी लागते त्यांनाही तीच जागा बरी. त्यांनी वाचन टाळावे आणि दूरवर पाहावे.

एसटीची दुसरी अडचण आमच्या भगिनी सांगतात, पण चारचौघांत नाही. वाटेत स्वच्छ सोय नसेल म्हणून सकाळपासून त्या पाणीच पीत नाहीत आणि पाच-सहा तास लघवी तुंबवून ठेवतात. चार दिवसांनी जळजळ आणि थंडी-ताप सुरू होतो. या बाबतीत घरची गाडी सरस, हवी तिथे थांबवता येते. रेल्वेत डब्यातच सोय असते, ती कशी असते ते सोडून देऊ.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसचे शयनयान मिळाले तर मला तोच प्रवास सर्वांत बरा वाटतो. माणूस आडवा होतो, पाय मोकळे राहतात. चार तासांहून अधिक एकाच जागी बसून राहिले की पायांतल्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, मग वाहन कोणतेही असो. नुकती शस्त्रक्रिया झालेल्यांनी, गरोदर व बाळंतिणींनी आणि आधी गाठ झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावे. इतरांनी दर दोन तासांनी उठून चालावे, बसल्या जागी घोटे हलवावेत. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. ऐन वेळी मिळाले नाही म्हणून आजोबांना जनरल डब्यात दाराशी उभे करणार असाल, तर त्यापेक्षा गाडी काढा.

मुंबईत उतरल्यावर

गुडघेदुखीच्या माणसाला मुंबईत लोकलचे पूल चढणे जड जाते. त्याच्यासाठी टॅक्सी किंवा मेट्रो. मेट्रोत सरकते जिने आणि उद्वाहन असते. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी भुयारी मेट्रो पूर्ण धावते, गिरगाव आणि दादर तिच्या वाटेवर आहेत. बाकीच्यांनी चालावे. आठवड्याला १५० मिनिटे भराभर चालण्याचे जे माप जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्याचा बराच भाग मुंबईत दोन दिवसांत नकळत भरून निघतो. गाडी नेणारा मात्र तेवढा वेळ सिग्नलला आणि पार्किंग शोधण्यात घालवतो.

गाडी न्यायचीच असेल तर ती पनवेल किंवा नवी मुंबईत नातेवाइकांच्या दारी लावावी आणि पुढे लोकलने जावे. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, तो आदल्या दिवशी पाहून ठेवावा. दुसरा चालवणारा घरात असेल तर अर्धा रस्ता त्याला द्यावा. नसेल तर रविवारी दुपारचे जेवण लवकर आणि हलके आटोपून, तासभर झोप काढून, चारला निघावे. चौपाटी शनिवारी करावी.

आणि मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावावा, कायदाही तेच सांगतो. ४ सप्टेंबर २०२२ च्या रविवारी दुपारी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. पुढचे दोघे वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले, त्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत मागचे पट्टे आसनाच्या कव्हराखाली दडपलेले असतात. शुक्रवारी रात्री सामान भरण्याआधी ते बाहेर काढून ठेवावेत.