गिरगावातली खोताची वाडी
चर्नी रोड स्टेशनवरून चालत काही मिनिटांत खोताची वाडी येते. जगन्नाथ शंकरशेठ रस्त्याची गर्दी मागे पडते आणि अरुंद बोळ सुरू होतो. दुतर्फा लाकडी बंगले, कौलारू छपरं, रस्त्याकडे तोंड केलेले व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने.

दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथल्या जागा ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिल्या, त्यातून ही वस्ती उभी राहिली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव इंग्रजी वळणाचं असलं तरी ही मंडळी अस्सल मुंबईची. त्यांची बोलीही मराठीचीच. त्यामुळे नाताळचा कंदील आणि गणपतीची आरास यांचं इथे कुणाला नवल नाही.

जुनी घरं मात्र कमी होत चालली आहेत, शेजारी टॉवर वाढताहेत. माशाच्या जेवणासाठी प्रसिद्ध असलेली ‘अनंताश्रम’ खाणावळही बंद झाली. खवय्यांना त्याची हळहळ अजून आहे, आणि ती रास्तच!

जवळच सेंट टेरेसा चर्च आहे. गिरगावातल्याच केशवजी नाईकांच्या चाळीत 1893पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. पुढे चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. 1920मध्ये त्यांच्यावर तिथेच अंत्यसंस्कार झाले.