पैजेचे पेढे आणि पोटाचा निरोप

भूमच्या एका वाचकाने विचारलं आहे: पैज लावून किलोभर पेढे रिचवणाऱ्याचं पोट आपल्यापेक्षा मोठं असतं का? कुंथलगिरीच्या खव्याच्या मुलखातून हाच प्रश्न यायला हवा होता. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका तरुणाने तर २०२१ मध्ये वडगाव मावळच्या हॉटेल शिवराजमधली पैजेची थाळी तासाच्या आत संपवून बुलेट मोटरसायकल जिंकली होती.

अशा माणसाचं पोट आपण नजरेने मापतो आणि तिथेच फसतो. जपानचा ताकेरू कोबायाशी २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉट डॉग स्पर्धेत उतरला, तेव्हा त्याचं वजन साठ किलोंच्या आसपास होतं. त्याने १२ मिनिटांत ५० हॉट डॉग खाल्ले. आधीचा विक्रम होता जेमतेम २५चा.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली छापलेला एक अभ्यास मला फार आवडतो. त्यात माणसं दोनच: एक स्पर्धेत खाणारा, अंगाने बेताचा, दुसरा उंचापुरा, भरपूर जेवणारा. दोघांनाही क्ष-किरणांखाली हॉट डॉग खायला दिले. उंचापुरा सातव्यालाच थांबला, आणखी एक घास नको म्हणाला. स्पर्धेत खाणाऱ्याने दहा मिनिटांत ३६ संपवले. अखेर डॉक्टरांनीच त्याला थांबवलं. पडद्यावर त्याचं जठर भरलेल्या मोटेसारखं तट्ट फुगलेलं दिसत होतं, हालचाल जवळपास नाहीच. या लोकांचं जठर भराभर रिकामं होत असावं, असा एक कयास होता. निघालं उलटंच! त्याचं जठर उंचापुऱ्याच्या मानाने फार हळू रिकामं होत होतं. ते नुसतं ताणत जात होतं आणि त्याला पोट भरल्याचं जाणवतच नव्हतं.

पोट मेंदूशी बोलतं, हे सिद्ध करण्याचं श्रेय शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांना दिलं जातं. मला मात्र त्यांच्या ए. एल. वॉशबर्न या विद्यार्थ्याची आठवण करून द्यायची आहे. नळीला बांधलेला रबरी फुगा तो कित्येक आठवडे जवळजवळ रोज गिळत होता, दोन-तीन तास पोटात बाळगत होता आणि भुकेची कळ आली की बटण दाबून खूण करत होता. जठराचं आकुंचन आणि भूक यांची वेळ जुळते, हे १९१२ मध्ये छापून आलं ते त्याच्या पोटाच्या जिवावर. एवढ्या चिवट माणसाचं मला कौतुक वाटतं.

‘पुरे’ हा निरोप दोन वाटांनी जातो. जठर ताणलं की व्हेगस मज्जातंतूतून लगेच. आणि स्निग्धांश लहान आतड्यात पोचला की कोलेसिस्टोकायनिन या संप्रेरकामार्फत, जरा उशिराने. स्पर्धक सरावाने पहिला निरोप बोथट करतो आणि दुसरा पुरता पोचायच्या आत स्पर्धा संपलेली असते. संशोधक जेम्स स्मोलिगा यांनी न्यूयॉर्कच्या त्याच स्पर्धेचे ३९ वर्षांचे निकाल मांडून २०२० मध्ये गणित केलं, की दहा मिनिटांत माणसाची मर्यादा सुमारे ८३ हॉट डॉग. २०२४ मध्ये अमेरिकेच्या जोई चेस्टनटने नेमके ८३ खाल्ले! समोर कोबायाशी होता, ६६वर. त्याच वर्षी एका माहितीपटात त्याने सांगितलं होतं, की आपल्याला आता भूक लागत नाही. विक्रमांचे व्हिडिओ उत्साहाने पुढे पाठवणाऱ्यांनी हेही पाठवावं.

आता पेढे. साधारण पाच लिटर म्हशीच्या दुधाचा किलोभर खवा होतो. पाणी आटलेलं, म्हणून भरपूर दूध पोटात जाऊनही जठर त्या मानाने कमीच ताणतं; म्हणजे पहिला निरोप मुळातच अशक्त. दुसरा येईतो परात रिकामी. वर कोरडा, चिकट घास घाईत घशात अडकला तर माणूस गुदमरतो. पैज लावायचीच असेल तर वेळेची अट तेवढी काढून टाका आणि मधे पाणी पिऊ द्या. स्निग्धांशाचा निरोप पोचायला सवड मिळाली, तर खाणारा बहुधा आपणहून परात बाजूला सारेल.