गावाला परत आलेलं गाणं

ऐंशीच्या दशकात यवतमाळ जिल्ह्यात रागदारी ऐकायची तर भिस्त आकाशवाणीवर. शनिवारी रात्री अखिल भारतीय संगीत सभा लागायची आणि ढग आले की अर्धं गाणं खरखरीत जायचं. मैफिलीसाठी अमरावती-नागपूर गाठावं, तर परतीची एस.टी. चुकण्याची धास्ती.

त्या काळात मोठी कंपनी म्हणजे एचएमव्ही. तिच्या तबकड्या कलकत्त्याजवळच्या डमडमला तयार होत. एवढ्या मोठ्या कारखान्याला खपही मोठा लागतो. त्यामुळे नाव झालेल्या गायकाचा नंबर आधी. शिवाय तबकडी पडली आखूड. जुनी 78 फेऱ्यांची तीन-साडेतीन मिनिटांत संपे, लाँग प्लेची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांत. विलंबित ख्याल एवढ्यात कुठे रंगायचा? फिलिप्सने 1963 मध्ये आणलेल्या कॅसेटने हे गणित बदललं. साठ मिनिटांच्या फितीत बाजूला अर्धा तास मिळू लागला, प्रती काढायला एक खोली पुरू लागली आणि लागतील तेवढ्याच काढता येऊ लागल्या.

पुण्याच्या कर्वे रस्त्यावरच्या ‘अलूरकर म्युझिक हाऊस’च्या सुरेश अलूरकरांनी या सोयीचं चीज केलं. शरच्चंद्र आरोलकर, गजाननबुवा जोशी, वीणा सहस्रबुद्धे अशांचं गाणं त्यांनी कॅसेटवर आणलं. आरोलकरबुवा म्हणजे गवयांचे गवई. त्यांच्या गाण्याला गर्दी लोटेल अशा आशेवर कुणी धंदा उभारत नाही. मी बँकेत आयुष्यभर कर्जाच्या फायली चाळल्या. ‘तारण : ख्यालाची ध्वनिमुद्रणं’ असा अर्ज टेबलावर आला असता, तर कुठल्याही शाखाधिकाऱ्याने चष्मा पुसून तो पुन्हा वाचला असता!

याच घराने उल्हास कशाळकरांच्याही कॅसेट काढल्या. हे कशाळकर आमच्या जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचे. वडील वकील आणि गाण्याचे जाणकार; अरुण, विकास, उल्हास हे तिघेही भाऊ गायक. उल्हासजी नागपूरला राजाभाऊ कोगजेंकडे शिकले, पुढे राम मराठे आणि गजाननबुवांकडे. 1993 मध्ये कलकत्त्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून गेले. गावातून निघालेला हा आवाज पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतून गावाकडे परत येऊ लागला, तोही गुरूच्या कॅसेटशेजारी. गजाननबुवा ऐकावेत, लगेच शिष्य ऐकावा, आणि काय उचललं, काय स्वतःचं घातलं यावर चहा गार होईपर्यंत वाद घालावा. रेडिओवर हे शक्य नव्हतं. तिथे गेलेला सूर गेला.

गाणं शिकवणाऱ्या मास्तरांना तर कॅसेट म्हणजे न रागावणारा गुरू. बंदिशीचे शब्द कळले नाहीत की फीत मागे, पुन्हा मागे. एका घरी आलेली कॅसेट दोन खणी टेपरेकॉर्डरवर चार घरी जायची. यात अलूरकरांचं नुकसान होतंच, आणि आम्हाला कान मिळाले तेही त्यातूनच. परीक्षेपुरतं गाणारी मुलं अर्धा अर्धा तास एकच राग ऐकत बसू लागली.

पुढे सीडी आल्या आणि 2010 मध्ये अलूरकर गेले. त्या कॅसेट अजून कुणाकुणाच्या कपाटात असतील. पावसाळी दमटपणात फितीवर बुरशी धरते, पदर एकमेकांना चिकटतात. एखादी सापडलीच तर ती सरळ वाजवू नका. बुरशी नाही ना ते बघा, यंत्राचा रबरी पट्टा बदला, फीत एकदा सावकाश पुढे-मागे फिरवा, आणि पहिल्याच वाजवण्यात संगणकावर उतरवून घ्या. दुसऱ्यांदा ती वाजेलच असं नाही.