क्रमगुणिताची समीकरणे

१ पासून एखाद्या संख्येपर्यंतच्या सगळ्या नैसर्गिक संख्यांचा गुणाकार म्हणजे त्या संख्येचे क्रमगुणित. वर्गात त्याला सर्रास फॅक्टोरियल म्हणतात. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारे देता येतील, हे उदाहरण भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) घातले आहे. उत्तर ३६,२८,८००, म्हणजेच १०!. उद्गारचिन्हाची ही खूण ख्रिस्तियन क्राम्प यांनी १८०८ मध्ये रूढ केली.

क्ष! = ५०४० असे सरळ समीकरण असेल तर ५०४० ला २, ३, ४ असे ओळीने भागत जावे. ७ ने भागल्यावर १ उरतो, म्हणून क्ष = ७. मध्येच भाग गेला नाही, तर उत्तरच नाही.

दोन्ही बाजूंना क्रमगुणित असले की एकच सूत्र कामाला येते: क्ष! = क्ष(क्ष − १)!. मोठे क्रमगुणित लहानापर्यंत उलगडायचे आणि थांबायचे. पूर्ण विस्तार करणे हा व्यर्थ खटाटोप आहे. (क्ष + १)! = ९०(क्ष − १)! यात डावी बाजू (क्ष + १)क्ष(क्ष − १)! होते, (क्ष − १)! दोन्हीकडून जाते आणि क्ष(क्ष + १) = ९० उरते. वर्गसमीकरणाची उत्तरे ९ आणि −१०. ऋण संख्येचे क्रमगुणित नसते, म्हणून −१० सोडून द्यायचे. खरे तर वर्गसमीकरणाचीही गरज नाही: ९० म्हणजे ९ × १०, हे नजरेलाच दिसते. तीन लागोपाठच्या संख्यांचा गुणाकार ७२० असेल, तर मधली संख्या ७२० च्या घनमुळाजवळ शोधावी. ९ चा घन ७२९, म्हणून ८ × ९ × १०.

अपूर्णांक असतील तर सर्वांत मोठ्या छेदाने गुणावे. क्ष/१०! = १/८! + ३/९! याला १०! ने गुणले की क्ष = ९० + ३० = १२०.

खरी सावधगिरी ० आणि १ पाशी हवी, कारण ०! आणि १! दोन्ही १ आहेत. (क्ष − ५)! = (६ − क्ष)! यात उद्गारचिन्हे परस्पर उडवली तर क्ष = ५.५ येते आणि उत्तर नाही असे वाटते. प्रत्यक्षात क्ष = ५ ठेवल्यास ०! = १! आणि क्ष = ६ ठेवल्यास १! = ०!; दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. कंसातली संख्या २ किंवा त्याहून मोठी असल्याची खात्री असेल, तरच चिन्हे उडवावीत.