भिंतीवरील टाइल का निखळतात?

स्नानगृहातील टाइल वर्ष-दोन वर्षांत निखळू लागल्या की दोष बहुधा गवंड्याच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात अनेकदा चिकटद्रव्याची निवडच चुकलेली असते.

भिंतीची साधी सिरॅमिक टाइल सच्छिद्र असते. ती आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषते. सिमेंट या छिद्रांत शिरून घट्ट होते आणि पकड मिळते. व्हिट्रिफाइड टाइलचे शोषण मात्र ०.५ टक्के किंवा त्याहूनही कमी असते. तिच्या गुळगुळीत पाठीवर सिमेंटला धरायला फारसे काही सापडत नाही. तेथे पॉलिमरयुक्त चिकटद्रव्यच वापरावे.

भारतीय मानक ब्यूरोच्या 'आयएस १५४७७ : २०१९' या मानकात अशा चिकटद्रव्यांचे पाच प्रकार आहेत. घरातील साध्या सिरॅमिक टाइलला पहिला प्रकार पुरतो. बाहेरची भिंत, मोठ्या आकाराची जड टाइल किंवा जुन्या टाइलवर नवी टाइल बसवायची असल्यास वरचा प्रकार लागतो. दुकानदार 'सगळ्याला एकच चालते' म्हणाला तरी पिशवीवरील प्रकार वाचूनच खरेदी करावी.

टाइल रात्रभर भिजत घालण्याची सिमेंटच्या कामातील सवय येथे नडते, कारण पाठीवरील पाण्याने पकड ढिली होते. मधोमध गोळा लावून टाइल दाबणेही टाळावे. कोपरे पोकळ राहून थोड्याशा धक्क्यानेही तडकतात. दातेरी करणीने थर सर्वत्र पसरावा आणि त्यावर साय धरण्यापूर्वी टाइल बसवावी.