'लेखक अज्ञात' म्हणजे नक्की कोण?

सकाळी फॅमिली ग्रुपवर एक छान कविता येते. खाली लिहिलेलं असतं, 'लेखक अज्ञात'. दुपारी तीच कविता सोसायटीच्या ग्रुपवर भलत्याच कुणाच्या नावाने येते आणि रात्रीपर्यंत ती थेट पु. लं.च्या नावावर जमा झालेली असते!

हसू येतं खरं, पण ती कविता कुणीतरी लिहिलेली असते. कदाचित इंदूरच्या एखाद्या काकूंनी, स्वयंपाक आवरल्यावर मोबाइलवर टाइप केलेली. त्या काकूंचा तिच्यावर काही हक्क उरतो का?

उरतो, आणि पूर्ण उरतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार कथा, कविता, चित्र किंवा फोटो तयार झाला की त्याच क्षणी त्यावर निर्मात्याचा हक्क तयार होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि खाली गोलातला 'सी' टाकायचीही गरज नाही. नोंदणी उपयोगी पडते ती वाद झाल्यावर, पुरावा म्हणून. साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. प्रत्येक चारोळीसाठी हा खटाटोप करू नये असं मला वाटतं, पण कादंबरी लिहिली असेल तर जरूर करा. एरवी मूळ फाइल आणि तारीख दिसेल असा एखादा ईमेल जपून ठेवा.

आता 'साभार' या आपल्या लाडक्या शब्दाकडे येऊ. नाव देणं आणि परवानगी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणाची अख्खी कथा यूट्यूबवर वाचून दाखवली आणि खाली 'साभार' लिहिलं, तर नाव दिलं गेलं, परवानगी मात्र राहिलीच. कथेचं ऑडिओ करणं, भाषांतर करणं, त्यावर नाटक बसवणं, हे सगळे हक्क लेखकाचेच. परीक्षणात चार ओळी उद्धृत करायला हरकत नाही. आजोबांनी नातवाला गोष्ट वाचून दाखवली तर अर्थातच कुणी विचारत नाही!

"पण ते जुनंय ना, मग सगळ्यांचंच की!" असंही ऐकू येतं. किती जुनं, हे मोजावं लागतं. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं साहित्य २०११ पासून सर्वांना खुलं झालं. पु. ल. २००० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०६० संपेपर्यंत संरक्षित आहे. बहिणाबाईंचं गणित जरा वेगळं. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपात आली १९५२ मध्ये. निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात.

एक गोष्ट मात्र कायदा कुणालाच देत नाही, ती म्हणजे कल्पनेवरची मालकी. आर. जी. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक प्रांतवादावर होतं. १९५६ मध्ये त्याच विषयावर 'न्यू दिल्ली' हा सिनेमा आला आणि आनंद कोर्टात गेले. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विषय सारखा असला म्हणून ती नक्कल ठरत नाही. नक्कल ठरते ती मांडणी उचलली तर. म्हणजे 'सासू-सुनेची मैत्री' ही तुमची कल्पना दुसरं कुणीही वापरू शकतं. तुमचे प्रसंग, संवाद, वाक्यं जशीच्या तशी मात्र वापरता येणार नाहीत.

खरं नुकसान बऱ्याचदा चोरीने होत नाही, ते आपल्याच सहीने होतं. कथास्पर्धेच्या नियमांत बारीक अक्षरांत एखादं वाक्य असतं, 'सर्व हक्क आयोजकांकडे राहतील'. बक्षीस हजार रुपयांचं आणि उद्या त्याच कथेवर वेब सिरीज निघाली तर? हक्क सोपवायचे तर कायद्याने लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून 'कायमस्वरूपी', 'जगभर', 'सर्व माध्यमांत' हे शब्द दिसले की थांबा, विचारा, आणि शक्य असेल तर खोडून घ्या. हक्क विकल्यावरही लेखक म्हणून आपलं नाव मागण्याचा आणि लेखनाची मोडतोड करून बदनामी होत असेल तर आक्षेप घेण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

आणि तुमची कथा दुसऱ्याच्या चॅनेलवर दिसलीच, तर भांडण्याआधी लिंक, तारीख आणि स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. मग साधा मेसेज करा. कित्येकांना आपण काही चुकीचं केलंय हेच माहीत नसतं. त्यांनी दाद दिली नाही तर त्याच प्लॅटफॉर्मवर कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म असतो, तो मूळ लिंकसह भरा.